एपी-५

ग्लुटामेटच्या ग्राहींपैकी फक्त एनएमडीए हा प्रकार रोखणारे संशोधन-रसायन. पूर्ण नाव डी-२-अमिनो-५-फॉस्फोनोपेंटॅनोइक आम्ल. जुन्या शोधनिबंधांत एपीव्ही. रेणुभार सुमारे १९७.

शोध व रचना : ब्रिस्टल येथे जेफ वॉटकिन्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या रसायनाची निवडकता दाखवली. अमिनोॲडिपिक आम्लाच्या टोकाचा कार्बॉक्सिल गट काढून तेथे फॉस्फोनेट गट बसवला की हा रेणू तयार होतो. डी-रूप प्रभावी, एल-रूप फारच दुबळे. साखळी एका कार्बनाने आखूड असलेले एपी-४ एनएमडीए ग्राहीवर जवळपास निष्प्रभ ठरते.

क्रिया : ग्लुटामेटची जागा अडवते, पण वाहिनी उघडत नाही. एमके-८०१ हे याच ग्राहीचे दुसरे रोधक उघड्या वाहिनीत शिरून अडकून बसते. एपी-५ मात्र धुऊन निघते.

वापर : धुऊन निघणे हाच या रसायनाचा सर्वांत मोठा गुण. उंदराच्या हिपोकॅम्पसचा सुमारे ४०० मायक्रोमीटर जाडीचा काप ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या क्षारद्रावात जिवंत ठेवतात. द्रावात ५० मायक्रोमोलर एपी-५ मिसळले तरी एकेका विद्युत्-स्पंदाला मिळणारा प्रतिसाद जवळपास पूर्वीइतकाच राहतो, कारण तो मुख्यतः ग्लुटामेटच्याच दुसऱ्या प्रकारच्या, एएमपीए ग्राहींचा असतो. मग सेकंदाला १०० स्पंदांचा झोत देतात. एरवी यानंतर प्रतिसाद वाढून तासन्‌तास तसाच टिकतो. येथे तो थोड्याच वेळात मूळ पातळीवर उतरतो. रसायन धुऊन काढून तोच झोत पुन्हा दिला की वाढ टिकते. म्हणजे त्याच कापात, त्याच चेतासंधींवर पुरावा आणि पडताळा दोन्ही मिळतात. आधीच झालेली वाढ मात्र एपी-५ ने पुसली जात नाही. कॉलिंग्रिज, केल व मॅक्लेनन यांनी १९८३ मध्ये हे दाखवले. दीर्घकालीन संवर्धनाचा, म्हणजे एलटीपीचा, आरंभ आणि त्याचे टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही समज या प्रयोगाने पक्की केली.

वर्तन : रिचर्ड मॉरिस व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या मेंदूत हे रसायन सतत सोडले, तेव्हा गढूळ पाण्याच्या हौदातला बुडालेला मंच कोठे आहे हे शिकणे त्यांना जड गेले. तशा हौदाचा सराव आधीच झालेल्या उंदरांत हा अडथळा बराच कमी दिसतो, असे १९९५ मध्ये आढळले. त्यामुळे एलटीपी म्हणजेच स्मृती असे समीकरण यावरून मांडता येत नाही.

औषधी उपयोग : नाही. रक्तातून मेंदूत फारसे पोहोचत नाही.