दहावी, आयटीआय की नुसतं लिहिता-वाचता येतं? सौर, मध, गांडूळ खत आणि बांबूचं प्रशिक्षण कुणाला, किती दिवसांचं

तालुका प्रतिनिधी : दसरा झाला की वाड्या-तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला नाहीतर शहरात बांधकामावर निघतात. गावात काम नाही म्हणून जातात. पण दुसरीकडं बघितलं तर गावातल्या सौर पंपाचा कंट्रोलर बंद पडला की शेतकरी मेकॅनिकची वाट बघत बसतो, कारण तो माणूस लांबून येतो. पर्यावरणाशी जोडलेली अशी बरीच कामं आता गावात तयार झाली आहेत. बेरोजगार तरुणांसाठी त्यांची सरकारी प्रशिक्षणंही आहेत आणि त्यात राहणं-खाणं फुकट असणारीही आहेत. फक्त आपल्याला कुठलं जमेल हे आधी बघावं लागतं. त्यासाठी दोनच प्रश्न विचारायचे: शिक्षण किती झालंय? आणि आपल्या मजुरीवाचून घर किती दिवस चालेल?

१) सूर्यमित्र : दहावी आणि आयटीआय झालेल्यांसाठी

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं २०१५ मध्ये ही योजना आणली. गुरुग्रामची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था ती राबवते. प्रशिक्षण ६०० तासांचं, म्हणजे साधारण तीन महिन्यांचं, निवासी आणि मोफत असतं. वय १८ पूर्ण लागतं. दहावी पास आणि सोबत इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा शीट मेटल यातला आयटीआय हवा. डिप्लोमावाल्यांनाही घेतात, मात्र इंजिनिअरिंगची डिग्री झालेल्यांना नाही. ग्रामीण भागातले बेरोजगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे उमेदवार यांच्याकडं विशेष लक्ष द्यावं असं योजनेतच म्हटलं आहे.

काम आहे का? राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून ३, ५ किंवा साडेसात एचपीचा पंप मिळतो. पहिली पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं असते, म्हणजे कंपनीला गावोगाव माणूस लागतो. पाच वर्षं संपली की शेतकरी स्वतःच मेकॅनिक शोधणार. घराच्या छतासाठी १३ फेब्रुवारी २०२४ ला 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली. त्यात ३ किलोवॅट आणि पुढच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. ते बसवायला, सांभाळायलाही हात लागतातच.

बघून-बघून शिकू, असं या कामात चालत नाही. महावितरणची लाईन बंद करता येते, पण प्लेटांवर ऊन आहे तोवर त्यांच्या वायरीत करंट असतोच. अर्थिंग, जोडण्या, सुटे भाग कसे काढायचे हे शिकल्याशिवाय हात लावणं जिवावर बेतू शकतं. प्लेटा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी का धुवायच्या, हेही तिथंच समजतं. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते.

२) आरसेटी : ज्यांना घर फार दिवस सोडता येत नाही

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, जिल्ह्याच्या ठिकाणी बँक चालवते. कर्नाटकात धर्मस्थळजवळ उजिरे इथं १९८२ मध्ये अशी पहिली संस्था निघाली, तोच नमुना नंतर देशभर घेतला गेला. प्रशिक्षण मोफत आणि राहण्या-जेवणासह असतं. बरेचसे कोर्स एका आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंतचे असतात. गांडूळ खत, रोपवाटिका, मधमाशीपालन असे विषय जिल्ह्यानुसार ठरतात. किमान ७० टक्के प्रशिक्षणार्थी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातले असावेत असा नियम आहे. त्यामुळं तसा दाखला असेल तर सोबत ठेवा. प्रशिक्षण झाल्यावर दोन वर्षं संस्थेनं पाठपुरावा करायचा असतो, बँकेच्या कर्जासाठीही मदत करायची असते. तो पाठपुरावा हक्कानं मागा.

३) मध केंद्र योजना : लिहिता-वाचता आलं तरी पुरे

ही योजना राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाची आहे. वैयक्तिक मधपाळ होण्यासाठी उमेदवार साक्षर आणि १८ वर्षांवरचा असावा लागतो. स्वतःची शेती असेल तर प्राधान्य मिळतं, पण भूमिहीनांनाही अर्ज करता येतो. केंद्रचालक व्हायचं तर दहावी पास, वय २१ च्या वर आणि एक एकर जमीन, स्वतःची किंवा भाड्याची, लागते. पेट्या आणि साहित्याला ५० टक्के अनुदान आहे, उरलेले ५० टक्के आपण उभे करायचे. मध हमीभावानं विकत घेण्याची सोयही योजनेत आहे. अर्ज जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात करायचा.

धूर करून पोळं पिळलं की माशीची पिल्लं मरतात आणि पुढचा मधही जातो. पेटीतल्या माशीचा मध यंत्रानं काढतात, पोळं शाबूत राहतं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं ते याच धंद्यावर. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हेच शिकवते.

४) बांबू

ज्यांच्या हातात बुरुडकाम आहे किंवा जे जंगलपट्ट्यात राहतात, त्यांच्यासाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीला वन विभागाचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. टोपल्या-सुपांच्या पुढं जाऊन फर्निचर, शोभेच्या वस्तू करायला तिथं शिकवतात.

अर्ज करण्याआधी हे बघा

• बॅच बाराही महिने चालत नाही. ती कधी आणि कुठं आहे हे कार्यालयात जाऊन किंवा फोन करून आधी विचारा, मगच मजुरी बुडवा.

• मोफत म्हणजे जेवण-राहणं मोफत. त्या काळात मजुरी मिळेल असं धरून चालू नका. घरी लहान लेकरं, उचल घेतलेली असेल तर तीन महिन्यांच्या कोर्सआधी आरसेटीचा छोटा कोर्स बरा.

• आधार, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँक पासबुक आणि फोटो तयार ठेवा. सगळीकडं नाव एकसारखं आहे ना, बघा. नावात फरक असला की अर्ज अडकतो.

• मोफत प्रशिक्षणाला "फॉर्म भरून देतो, नंबर लावतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. "नोकरी पक्की" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

• केंद्रात तीन गोष्टी विचारा: सर्टिफिकेट कुणाचं मिळणार? हातानं काम किती दिवस करायला मिळणार? मागच्या बॅचची पोरं आता काय करतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर दुसरं केंद्र बघा.

सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे लगेच काम मिळतं असं नाही. सूर्यमित्र झालेल्यानं आपल्या दहा-पंधरा गावांतले पंप कुठल्या कंपनीचे आहेत याची यादी करून त्या कंपनीच्या सेवा केंद्राला भेटावं. मधपाळानं आधी दोन-चार पेट्या सांभाळून मग वाढवाव्यात. ग्रामपंचायतीनंही शिकून आलेल्यांची नावं नि नंबर फलकावर लावले तर बाहेरचा माणूस बोलवायची वेळ येणार नाही.