हिंगणा ते गडेगाव: बसायच्या लॉनमोअरचा मागोवा

बसून चालवायचे जुने लॉनमोअर ओळखायला घेतले की सगळ्यात आधी रंग बोलू लागतो, आणि त्याचीच साक्ष सर्वांत कच्ची निघते. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे ट्रॅक्टर लाल. पण बंगल्याच्या आवारात गवत कापायला तिने १९६० च्या अखेरीस १९६१ चे मॉडेल म्हणून जे छोटे ‘कब कॅडेट’ काढले, ते पिवळे-पांढरे होते. १९८१ मध्ये हा धंदा एमटीडी या कंपनीला विकला गेला. त्यानंतर हार्वेस्टरच्याच विक्रेत्यांमार्फत काही कब कॅडेट लाल रंगातही बाहेर पडले. तेव्हा लाल कब कॅडेट दिसले की ‘कुणीतरी मागाहून रंगवले’ असा शेरा मारून मोकळे होता येत नाही. जॉन डिअरने १९६९ च्या सुमाराला आणखी घोळ घातला. आपला हिरवा बाजूला ठेवून पांढऱ्या अंगावर पिवळे, लाल, निळे आणि नारिंगी बॉनेट चढवलेली यंत्रे विकायला काढली. आज असे यंत्र हाती आले तर अनोळखी माणूस त्याला जॉन डिअर म्हणायलाच तयार होणार नाही.

नागपुरात बसून या विलायती लॉनच्या भानगडीत कशाला पडायचे, असे कुणी विचारील. कारण नकाशात आहे. शहराच्या पश्चिम अंगाला हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. पूर्वेला रायपूरच्या रस्त्यावर, भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा आहे. बसायच्या लॉनमोअरचे कागद शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत गेले, तर एक धागा हिंगण्याला आणि दुसरा गडेगावला येऊन टेकतो. दोन्ही धागे सारखे मजबूत नाहीत. कुठला कुठे विरला आहे, ते तपासण्यातच या शोधाची गंमत आहे.

आधी यंत्र स्वतः काय सांगते ते पाहू. बऱ्याच जुन्या लॉनमोअरवर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे इंजिन असते. त्याच्या पत्र्याच्या झाकणावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. काजळी पुसून तिरपा उजेड धरला की ते दिसू लागतात. मॉडेलच्या आकड्याची सुरुवात इंजिनाचे घनफळ घनइंचांत सांगते. तारीख असते ती कोडमध्ये. समजा कोड ७२०८१५ असा सुरू होतो. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन दिवसाचे. म्हणजे १५ ऑगस्ट १९७२. उरलेले आकडे कारखान्यातल्या नोंदीचे. इतक्या जुन्या गंजक्या पत्र्यावर असा नेमका दिवस वाचायला मिळाला की संशोधक हरखतो. पण हा दिवस इंजिनाचा आहे, यंत्राचा नाही. लॉनमोअरचे इंजिन बदलणे हे सायकलची ट्यूब बदलण्याइतके सर्रास चालते. म्हणून या कोडावरून इतकेच म्हणता येते की हे इंजिन त्या दिवसाआधी कुठल्याही यंत्रावर बसलेले नव्हते.

कब कॅडेटवर वेगळाच सापळा आहे. त्याच्या अनुक्रमांकांची सुरुवात १ पासून नव्हे, ५०१ पासून होते. हार्वेस्टरची ही जुनी रीत. फार्मऑल मालिकेतल्या तिच्या मोठ्या ट्रॅक्टरांची मोजणीही ५०१ पासूनच होते. पाटीवर ९०० दिसले म्हणून कारखान्यातून बाहेर पडलेले ते नऊशेवे यंत्र ठरवणे चूक, ते चारशेवे. पाटी हरवली असेल तर ओतीव लोखंडाकडे वळायचे. हार्वेस्टरच्या ओतकामावर उठावदार अक्षरांत महिना, दिवस आणि वर्षाचे एक खूणाक्षर असते. ओतकाम जोडणीच्या आधीचे असणार, हे उघड आहे. त्यामुळे एकाच यंत्रावरच्या चार-पाच ओतीव भागांवर वेगवेगळ्या तारखा सापडल्या तर त्यांतली सर्वांत उशिराची धरायची. यंत्र त्याआधी उभे राहिलेले नाही, इतके तरी पक्के होते. मात्र त्यांतला एखादा भाग दुसऱ्याच यंत्राचा काढून बसवलेला नाही, याची खातरी आधी करायला हवी.

याहून सोपी खूण खाली वाकून दिसते. अगदी पहिल्या कब कॅडेटात पुढच्या कोहलर इंजिनाचा जोर मागे पट्ट्याने जाई. १९६३ नंतरच्या नमुन्यांत त्याची जागा दांड्याने घेतली. पाटी नसली, रंग उडालेला असला, सीट उंदरांनी कुरतडलेली असली, तरी पट्टा की दांडा या एका प्रश्नावर यंत्र कुठल्या पिढीतले ते ठरते.

आता पहिला धागा. पहिल्या कब कॅडेटची गिअरपेटी फार्मऑल कब या छोट्या शेती-ट्रॅक्टरच्या गिअरपेटीवर बेतलेली होती, आणि दोन्ही यंत्रे केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात बनत. म्हणजे बंगल्यातले गवत कापणारे हे यंत्र शेतातल्या ट्रॅक्टरचे जवळचे नातलग आहे, हे कागदानेही ठरते आणि लोखंडानेही. त्याच हार्वेस्टर कंपनीने १९६३ मध्ये महिंद्रा आणि व्होल्टास यांच्याबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कांदिवलीत बी-२७५ हा ट्रॅक्टर बनू लागला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. पुढे महिंद्राचे ट्रॅक्टर नागपुरातही तयार होऊ लागले, आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला ‘बी-२७५’ हे नाव नव्याने सांगावे लागत नाही.

इथवर सगळे बिनतक्रार आहे. पण म्हणून कब कॅडेट आणि बी-२७५ सख्खी भावंडे आहेत असे लिहिले, तर कागद हरकत घेतो. बी-२७५ लुईव्हिलचा नाही. तो इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डजवळ, हार्वेस्टरने १९५४ मध्ये जोवेट या मोटारकंपनीकडून विकत घेतलेल्या कारखान्यात घडला. तो १९५८ चा, म्हणजे कब कॅडेटच्याही आधीचा. इंजिन डिझेलचे, आराखडा वेगळा, हात वेगळे. दोघांचा मालक एक आणि काळ एक, एवढेच खात्रीने म्हणता येते. चुलत नाते आहे, सख्खे नाही. माझ्या मते हिंगण्याचा धागा इथवरच ताणावा.

दुसरा धागा बराच जुना. त्याच्या टोकाला दोन अस्सल कागद आहेत. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउडजवळ थ्रप नावाचे गाव आहे. तिथल्या एडविन बिअर्ड बडिंग या कारागिराने जॉन फेराबी या कारखानदाराशी १८ मे १८३० रोजी करार केला. फेराबीने खर्च उचलायचा, पेटंट मिळवायचे, यंत्रे बनवून विकायची आणि नफा दोघांनी वाटून घ्यायचा. दुसरा कागद त्याच साली ३१ ऑगस्टला मिळालेले ५९९० क्रमांकाचे पेटंट. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटायला जे फिरत्या पात्यांचे यंत्र असे, तेच बडिंगने गवतावर आणले. मागे एक रूळ, त्याच्या फिरण्याने पुढचे पाते फिरणार. पेटंटाच्या कागदात त्याने असेही सुचवले की खेड्यातल्या सधन मंडळींना हे यंत्र चालवणे करमणुकीचे आणि व्यायामाचे वाटेल. मागून ढकलायची मूठ, शिवाय गरज पडली तर दुसऱ्या माणसाने पुढून ओढायला आणखी एक मूठ. बसायला जागा कुठेही नाही.

बडिंगने हे यंत्र रात्री अंधारात चालवून पाहिले, शेजाऱ्यांनी पाहून वेडा म्हणू नये म्हणून, ही गोष्ट लॉनमोअरवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात सापडते. गोष्ट झकास आहे. पण करारात ती नाही, पेटंटातही नाही. इतिहासकार राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल कागदाला वरचढ मानायची शिस्त घालून दिली. त्या हिशेबाने ही बखर. सांगावी, पण बखर म्हणूनच. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने परवाना घेऊन अशी यंत्रे बनवायला सुरुवात केली. या कंपनीचा मोठा कागदसंग्रह आज रेडिंगच्या म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफमध्ये आहे.

ढकलणे सुटायची पहिली खूण १८४२ ची. स्कॉटलंडमध्ये आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सने २७ इंच रुंद, तट्टाने ओढायचे यंत्र केले. टापांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून तट्टांच्या पायात चामड्याचे बूट घालत. हे बूट आजही संग्रहांत जपलेले आहेत. त्यानंतर पन्नास वर्षांनी वाफ आली. लँकशायरमधल्या लेलँड गावच्या जेम्स सम्नरने १८९३ मध्ये वाफेवर चालणाऱ्या लॉनमोअरचे पेटंट घेतले. यंत्र जड होते, वाफ चढायला वेळ लागे, आणि लॉनसाठी ते फार दिवस टिकले नाही. पण सम्नर टिकला. १८९६ मध्ये त्याने हेन्री स्परिअरबरोबर लँकशायर स्टीम मोटर कंपनी काढली. तीच १९०७ मध्ये लेलँड मोटर्स झाली. इकडे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सने लेलँडशी करार केला आणि १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली. या कंपनीचा भंडाऱ्याचा कारखाना १९८२ चा. तिथे गिअरपेट्या बनतात.

हिंगण्याच्या धाग्यापेक्षा हा धागा लांब आहे, पण जास्त अखंड. मधली प्रत्येक गाठ नोंदलेली आहे: पेटंट, कंपनीची स्थापना, नामांतर, करार, कारखाना. एसटीच्या मागच्या बाजूला ‘लेलँड’ वाचणाऱ्या कुणालाही हे नाव १८९३ च्या एका गवत कापायच्या यंत्रापर्यंत नेता येते. सम्नरच्या यंत्राचा एखादा सुटा भाग गडेगावात पोहोचला असा याचा अर्थ नाही. पोहोचले ते नाव, आणि नाव चालवणारी कंपनी.

बसायची सीट मात्र वाफेने दिली नाही; ती पेट्रोलबरोबर आली. १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोल इंजिनाचे, ४२ इंच रुंद लॉनमोअर विकायला काढले. त्यावर माणूस बसलेला असे. बडिंगच्या पेटंटापासून ७२ वर्षांनी.

इथे एक कागद आपल्या बाजूचा ठेवायला हवा, नाहीतर चित्र एकतर्फी राहील. सम्नर पेटंटाच्या तयारीत होता त्याच सुमाराला, १८९२ मध्ये, पुण्याच्या पूना क्लबात सोळा वर्षांचा बाळू पालवणकर कामाला लागला. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळ्या लावायच्या, रेषा आखायच्या. पगार महिना ४ रुपये. साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करता करता तो त्या काळचा थोर डावखुरा फिरकी गोलंदाज झाला आणि १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या संघाकडून त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. आपल्याकडे बसायचे लॉनमोअर जुन्या बंगल्यांत आणि जिमखान्यांत इतके विरळ का सापडते, याचे उत्तर मला या ४ रुपयांत दिसते. हा माझा अंदाज आहे. पण ज्या मैदानावर महिन्याला ४ रुपयांत माणूस मिळत होता, तिथे वाफेचे किंवा पेट्रोलचे यंत्र मागवायला मालकाला कारणच उरत नव्हते.

तरीही असे यंत्र कुठे निघालेच, तर त्याची दुरुस्ती पुराव्याला धरूनच व्हायला हवी. आपल्याकडे जुने लोखंड हाती आले की पहिले पाऊल वायरब्रश, दुसरे रेडऑक्साइड आणि तिसरे झकपक रंग. यंत्र सुरू होते, पण त्याचा जन्मदाखला पुसला जातो. ठोकलेले आकडे पत्र्यावर उथळ असतात. वायरब्रशच्या दोन फेऱ्यांत ८ चा ३ होतो. पाटीचे रिव्हेट काढून पाटी ‘चमकवायला’ दिली की ती परत त्याच जागी बसेल याची हमी राहत नाही. सीटखाली, बॅटरीच्या खोबणीत, पट्ट्याच्या आच्छादनाच्या आतल्या बाजूला मूळ रंगाचा तुकडा बहुतेक वेळा शाबूत असतो. नवा रंग मिळवायचा असेल तर तिथला नमुना घ्यावा, बॉनेटवरचा नाही. आणि फिरत्या पात्यांचे यंत्र असेल तर त्याची धार कागदावर तपासावी. वर्तमानपत्राची एक पट्टी फिरते पाते आणि खालची स्थिर पट्टी यांच्यामध्ये धरायची आणि पाते हाताने हळूहळू फिरवायचे. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत कागद कात्रीसारखा कापला गेला तर जुळणी ठीक. मधे फाटला तर तिथे पाते झिजलेले आहे किंवा चौकट वाकलेली. वाकलेली चौकट ठोकून सरळ करण्याआधी तिचे फोटो काढून ठेवावेत. धक्का कुठून बसला, हासुद्धा यंत्राच्या इतिहासातला एक कागदच.

ज्यांच्या वाड्यात किंवा गोठ्यात जुना बी-२७५ उभा आहे, त्यांच्यासाठी एक काम. गिअरपेटीच्या आणि इंजिनाच्या बाजूने हात फिरवून उठावदार अक्षरे शोधा. पाण्याने आणि मऊ ब्रशने चिखल काढा, रॉकेल लावू नका. वाळल्यावर अक्षरांच्या माथ्यावर खडू आडवा घासा, बॅटरीचा उजेड बाजूने पाडा आणि फोटो घ्या. सगळी अक्षरे जशी दिसतील तशी लिहून काढा, जुळवून वाचू नका. ब्रॅडफर्डचे ओतकाम कुठे संपले आणि कांदिवलीचे कुठे सुरू झाले, हे त्या अक्षरांत लिहिलेले असणार.