वाळवण आणि बर्फ

अक्कलकुवा तालुक्यांतील खापर हें गांव ज्या टापूंत आहे, तेथें सातपुड्याच्या आश्रयानें राहणाऱ्या लोकांचें अन्न टिकविण्याचें मोठें साधन पूर्वापार एकच, तें म्हणजे ऊन. कैरीच्या फोडी वाळवून आमचूर होतो, मोहाचीं फुलें वाळवून सांठविलीं जातात, आणि नंदुरबारजवळच्या पथारींवर लाल मिरची दूरवर पसरलेली दिसते. खानदेशांत घरोघरीं उन्हाळ्यांत पापड, कुरडया व ज्वारीचे बिबडे यांचीं वाळवणें घातलीं जातात. या साऱ्यांमागील तत्त्व एकच. अन्न नासविणारे सूक्ष्म जंतू पाण्यावांचून वाढूं शकत नाहींत. उन्हानें पाणी हिरावून घेतलें कीं त्यांची वाढ थांबते. पण ते सारेच मेलेले नसतात. वाळलेल्या मिरचीवर अवकाळी पावसाची एक सर आली, तर तीच मिरची बुरसते.

थंडीचें कार्यही याच जातीचें आहे. ऊन जंतूंचें पाणी तोडतें, थंडी त्यांची ऊब तोडते. समूळ नाश दोहोंपैकीं एकही करीत नाहीं. तथापि ऊन येथें फुकट मिळत होतें, आणि थंडी मात्र समुद्रापलीकडून विकत आणावी लागली.

बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें १८३३ सालीं गोठलेल्या जलाशयांवरील बर्फ कापून ‘टस्कनी’ या जहाजानें कलकत्त्यास धाडला. सुमारें चार महिन्यांच्या प्रवासांत विषुववृत्त दोनदां ओलांडूनही, निघतांना भरलेल्या सुमारें १८० टनांपैकीं १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक राहिला. यांत किमया कसलीच नव्हती. लांकडाच्या भुशांत कोंडलेली हवा बाहेरची उष्णता सहसा आंत शिरूं देत नाहीं, एवढेंच. पुढल्याच वर्षीं, १८३४ मध्यें, मुंबईंतही बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसें झालें, अशी बातमी ‘मुंबई समाचार’ पत्रांत आल्याचें सांगतात. पुढें बर्फाच्या जहाजांतून अमेरिकेंतील सफरचंदेंही हिंदुस्थानांत येऊं लागलीं, आणि थंडी ही केवळ श्रीमंतांची चैन नसून अन्नरक्षणाचें साधन आहे, हें त्या फळांनीं दाखवून दिलें.

१८७८ सालीं कलकत्त्यांत बेंगॉल आइस कंपनी स्थापन झाली. यंत्रानें केलेला बर्फ जागच्या जागीं मिळूं लागतांच अमेरिकन बर्फाचा व्यापार मावळला. विसाव्या शतकाच्या आरंभीं क्लॅरेन्स बर्ड्झाय या अमेरिकन गृहस्थाला लॅब्रडॉरच्या कडाक्याच्या थंडींत असें दिसून आलें कीं, झपाट्यानें गोठलेली मासळी वितळल्यावरही ताज्यासारखी लागते. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें. सावकाश गोठलें तर त्याचे मोठे स्फटिक होऊन पदार्थाच्या पेशी फाटतात, झटपट गोठलें तर स्फटिक बारीक राहतात. मुंबईंत गोदरेज कंपनीनें १९५८ सालीं फ्रीज बनविण्यास आरंभ केला, आणि क्रमाक्रमानें बर्फ स्वयंपाकघरांतच तयार होऊं लागला.

साधन घरांत आलें, तरी तत्त्व बदललें नाहीं. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतू निजतात, मरत नाहींत. ऊब मिळतांच जागे होतात. गोठलेली मासळी किंवा मांस ओट्यावर ठेवून वितळविलें, तर आंतला भाग गोठलेलाच असतांना बाहेरचा भाग तासन्‌तास उबदार राहतो व तेथें जंतूंची भरभराट होते. यास्तव असा पदार्थ आदल्या रात्रीं ताटलींत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यांत वितळूं द्यावा. फ्रीजचें तपमान ४ अंशांच्या वर जाऊं देऊं नये. शिजविलेलें अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहूं देऊं नये. तें उथळ भांड्यांत लवकर निववून आंत ठेवावें. वीज गेल्यास दार उघडूं नये. बंद फ्रीज सुमारें ४ तास, आणि गच्च भरलेला फ्रीझर सुमारें ४८ तास थंडी धरून ठेवतो. त्यानंतर पदार्थ कोमट झाला असेल, तर केवळ वास चांगला आहे म्हणून त्यावर विश्वासूं नये. कित्येक रोगजंतूंच्या वाढीचा वास येत नाहीं.

वाळवण राखणारी गृहिणी ढग दिसतांच उठते, कारण तिचें अन्न तिच्या डोळ्यांसमोर असतें. फ्रीजचें दार एकदां लागलें कीं आंतला पदार्थ नजरेआड होतो, आणि वीज येऊन गेल्याचें पुष्कळदां कुणाच्या ध्यानींही राहत नाहीं. ज्या प्रदेशांत उन्हाळ्यांत पारा चाळिशीपार चढतो, तेथें या विसराळूपणाची किंमत घरांतील लहान मुलें व वृद्ध यांना आधीं द्यावी लागते. म्हणून डब्यावर तारीख लिहावी, जुना डबा पुढें ठेवावा, आणि वितळून ऊब लागलेला पदार्थ पुन्हां गोठवूं नये. सातपुड्याच्या पायथ्याशीं वाळवणाला जी राखण लागते, तीच शहरांतल्या फ्रीजलाही लागते.