दिवस भरल्याची खूण : हिंगोली भागातील बाळंतपणाच्या अंदाजाचा इतिहास

पूर्ण दिवसांच्या गरोदर बाईला कळा आपोआप कधी सुरू होतील, याचा अंदाज हिंगोली भागात दवाखान्यातली तारीख येण्याच्या कितीतरी आधीपासून बांधला जाई. हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे तो परभणी जिल्ह्यात राहिला आणि 1 मे 1999 रोजी वेगळा जिल्हा झाला. या काळात बराच वेळ खेड्यातली बाळंतपणे घरीच होत. दिवस मोजत त्या आई, सासू आणि सुईण.

मोजणी सणांवर चाले. शेवटची पाळी पोळ्याच्या सुमारास आली असेल, तर तिथून नऊ महिन्यांनी वैशाखी अमावास्या येते आणि आणखी पंधरवड्याने वटपौर्णिमा. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने हे साधारण 280 दिवस भरतात. जर्मन वैद्य फ्रान्झ नेगेले (1778–1851) यांच्या नावाचा नियमही तिथेच पोचतो : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा घरगुती हिशेबही फार दूर नाही. घोळ व्हायचा तो अधिक मासाने. तो मध्ये आला की सणांच्या नावांवर मोजणारीचा अंदाज महिनाभर पुढे सरके.

म्हणून सुईण तिथीपेक्षा अंगावर जास्त विसंबे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत हे काम मातंग समाजातल्या बायका करत. त्यांचे ज्ञान फारसे लिहून ठेवले गेले नाही, हे मोठेच नुकसान आहे. पोट उतरले का, डोके खाली धरले आहे का, हे तेलाच्या हाताने चाचपून पाहिले जाई. पहिलटकरणीचे पोट कळांच्या दोन-तीन आठवडे आधी उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र ते कधीकधी कळा सुरू झाल्यावरच उतरते. चिकट, लालसर स्राव दिसला की वेळ जवळ आली समजत. चालल्याने किंवा पडून राहिल्याने थांबतात त्या खोट्या कळा. कंबरेतून पोटाकडे येत, अंतर कमी करत वाढतात त्या खऱ्या. चरकसंहितेतही ओटीपोटातला जडपणा आणि पोट खाली येणे या खुणा नोंदल्या आहेत. पौर्णिमा-अमावास्येला बाळंतपणे वाढतात, या समजाला मात्र मोजदादीत आधार सापडलेला नाही.

अमेरिकी डॉक्टर एडवर्ड बिशप यांनी 1964 मध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा मऊपणा, उघडणे, पातळ होणे, त्याची दिशा आणि डोक्याची उतरण यांना गुण दिले. त्यांचा हेतू कळा आणवणे कितपत साधेल हे ठरवण्याचा होता. पण गुण जास्त म्हणजे आपोआप कळा येण्याची वेळही जवळ. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने गर्भाचे वय सुमारे आठवड्याच्या फरकाने कळते. तरी नेमक्या दिलेल्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका विसात एखादीच. कळांची सुरुवात बाळ, वार आणि गर्भाशय यांच्यातल्या संप्रेरकांच्या देवघेवीवर ठरते. वारेतून स्रवणारे एक संप्रेरक जणू घड्याळासारखे चालते, असे 1995 मध्ये मांडले गेले. पण दिवस सांगणारी रक्ततपासणी अजून हाती आलेली नाही.

2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्त्या आल्या, आणि बाळंतपण दवाखान्याकडे वळले. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडच्या आडगावांत कार्डावरची तारीख आता मुख्यतः तयारीसाठी लागते : गाडी कोणाची, सोबत कोण, पावसात रस्ता बंद पडला तर आधीच कुठे राहायचे. सदतिसाव्या आठवड्यानंतर कळा केव्हाही येऊ शकतात, हे धरूनच ती तयारी करावी लागते. एक्केचाळीस आठवडे उलटूनही कळा आल्या नाहीत, तर घरी वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे लागते. पाणमोट फुटली, अंगावरून लाल गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तारीख न बघता लगेच निघायचे असते.