मध शाकाहारी, पण व्हीगन नाही: वाद आपल्याकडे जुनाच आहे

पूजेचं पंचामृत हातावर घेताना भाचा थबकला. पुण्यात नोकरी, वर्षभरापासून व्हीगन. "मामा, दूध-दही-तूप तर नाहीच, यातला मधही मला चालत नाही." घरातले हसले. मधात कसली हिंसा? मला मात्र हसू आलं नाही.

व्हीगन हा शब्द १९४४ चा, इंग्लंडमधला. डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी तेव्हा व्हीगन सोसायटी काढली. पण जैन आचार्यांनी मध त्याच्या कितीतरी आधी ताटाबाहेर काढला होता. अमृतचंद्राचार्यांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग एकाच दमात येतो. दूध मात्र चाललं. कारण उघड आहे. धूर करायचा, अख्खं पोळं कापायचं आणि अंडी-अळ्यांसकट पिळायचं, अशीच तेव्हा मध काढायची रीत होती. त्यांचा प्रश्न होता, किती जीव मेले? आजचा व्हीगन विचारतो, माशीचं साठवलेलं आपण घ्यायचंच का? दोन्ही प्रश्न एक नाहीत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आपल्या शेजारी वर्ध्यात झाला. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली घाणीचं तेल, हातकागद यांच्या जोडीला मधमाशीपालनही आलं. पेटीत अंडी-पिल्लांचा कप्पा खाली, मधाचा वर. वरच्या चौकटी यंत्रात फिरवायच्या, मध निघतो, रिकामं पोळं परत पेटीत. १९१२ साली दूध सोडणारे (पुढे आजारपणात शेळीचं घेणारे) गांधीजी गरम पाण्यातून मध घेत.

आता कायद्याची गंमत बघा. वनहक्क कायदा २००६ गौण वनोपजाची व्याख्या 'वनस्पतीजन्य' अशी करतो आणि त्याच यादीत मध, मेण आणि रेशमाचे कोशही घालतो! अन्नसुरक्षेच्या नियमात मध मांसाहारी धरत नाहीत, म्हणून बाटलीवर हिरवा ठिपका. आणि २०२२ चे व्हीगन नियम म्हणतात, मध प्राणीजन्य, चालणार नाही. म्हणजे भाचा नियमानं बरोबर.

पण आपल्या उमरखेडचं काय? पैनगंगा अभयारण्याच्या काठानं जे मोहोळ लागतं ते आग्याचं. ही माशी पेटीत राहतच नाही. उंच झाडावर उघडं पोळं बांधते. तिथे मगनवाडीची पेटी कामाची नाही, जुना धूर आणि जुनी हिंसा अजून तशीच. मध काढणारा रात्री जीव मुठीत धरून चढतो, त्याला दोन पैसे मिळतात, त्याला दोष कसा द्यायचा? पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून अंड्यांचा भाग फांदीवर ठेवता येतो. माझ्या मते आपल्याकडे खरा वाद एवढ्यावरच व्हायला पाहिजे.

आणि एक. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. जे औषध माणसाला सोडत नाही ते माशीला सोडेल का? भाच्याला म्हटलं, मध नको घेऊस बाबा, पण अंगातला शर्ट सुती आहे, त्याचाही हिशोब मांड. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, अंडी राखून मोहोळ काढणारं कुणी आहे का इकडे?"

मला माहीत नव्हतं. बिटरगाव-ढाणकीकडच्या कुणाला ठाऊक असेल तर कळवा.