माध्यमिक शाळेसाठी भौतिकशास्त्रातील ऐतिहासिक प्रयोगांची निवड : विजयदुर्ग व हेलियमच्या शोधाच्या संदर्भात

प्रस्तावना

माध्यमिक स्तरावर भौतिकशास्त्र शिकविताना शोधकांची नावे व सनावळी सांगितली जाते. शोध कोणत्या प्रश्नातून निघाला व कोणत्या पुराव्याने सिद्ध झाला, हे क्वचितच सांगितले जाते. सर्वच प्रयोग शिकविणे शक्य नसल्याने निवड अपरिहार्य ठरते. रत्नागिरी तालुक्यातील पाली येथील विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार केला आहे.

निवडीचे निकष

पहिला निकष असा की, प्रयोगाने त्या काळी खरोखर अनिर्णित असलेला प्रश्न पुढे नेलेला असावा. दुसरा, त्याची समकालीन नोंद उपलब्ध असावी. तिसरा, त्याचा गाभा शाळेतील साधनांनी पुन्हा अनुभवता यावा. पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची कथा दुसऱ्या निकषावर टिकत नाही. त्याने १६३८ च्या ग्रंथात वर्णिलेला उतरत्या फळीचा प्रयोग मात्र तिन्ही निकषांवर उतरतो. ऑर्स्टेडचा १८२० चा होकायंत्राचा प्रयोगही तसाच आहे. रामन यांचा १९२८ चा शोध थोर खरा. परंतु त्यातील क्षीण प्रकाश शालेय साधनांच्या आवाक्याबाहेरचा असल्याने तो वाचनाचा विषय ठरावा.

विजयदुर्ग : कथा आणि नोंदी

कोकणातील विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे उदाहरण हेलियमचे आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, अशी समजूत रूढ आहे. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ तिचा पुरावा म्हणून दाखविले जातात. नोंदी मात्र निराळे सांगतात. त्या दिवशी जान्सेन गुंटूर येथे, पॉगसन मच्छलीपट्टण येथे व लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते. लॉकयर इंग्लंडमध्येच होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणावाचूनच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. ऑगस्टमधील कोकणचा पाऊस ध्यानात घेतला, तर निरीक्षकांनी घाटापलीकडील ठिकाणे का पसंत केली असावीत, हेही उमगते.

लॉकयर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याचे प्रा. नायगमवाला यांनी जेऊर येथे केले. तोवर रॅम्से यांनी १८९५ मध्ये क्लेव्हाइट या खनिजातून हेलियम मिळविला होता. ओट्यांचा संबंध म्हणूनच १८९८ च्या मोहिमेशी जोडणे सयुक्तिक ठरते. विजयदुर्ग त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातच होते; सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला.

अध्यापनातील उपयोग

हर्शेल यांना जमखंडी येथे तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. त्यांतील नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची मानली. सोडियमच्या रेषांची तरंगलांबी ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर, तर हेलियमच्या रेषेची ५८७.६ नॅनोमीटर आहे. अंतर जेमतेम दीड नॅनोमीटरचे. हेच वर्गात अनुभवास आणता येते. पुठ्ठ्याची नळी, अरुंद फट व जुन्या सीडीचा तुकडा यांपासून विद्यार्थी वर्णपटदर्शक तयार करू शकतात. स्पिरिटच्या दिव्यात मिठाचा कण टाकल्यास पिवळी रेषा दिसते. तिचे जोडरूप मात्र अशा उपकरणात सहसा सुटे होत नाही. मग शेजारची तिसरी रेषा ओळखण्यास किती सूक्ष्म मापन लागले असेल, हे मुलांना आपोआप कळते. सूर्याकडे उपकरण रोखू नये, ही सूचना प्रारंभीच द्यावी.

समारोप

विजयदुर्गाची प्रचलित कथा सोडून दिल्याने कोकणाचे महत्त्व उणावत नाही. उलट, एका स्थानिक समजुतीची तारखा व नोंदींच्या आधारे तपासणी करणे, हाच विद्यार्थ्यासाठी वैज्ञानिक पद्धतीचा पहिला पाठ ठरतो. १८ ऑगस्टचा हेलियम दिन शाळांनी अवश्य साजरा करावा. परंतु त्या दिवशी ‘कोणी शोधला’ या प्रश्नाबरोबरच ‘कसे कळले’ हा प्रश्नही विचारावा. ऐतिहासिक प्रयोगाची निवड करताना प्रसिद्धीपेक्षा या दुसऱ्या प्रश्नाला जो प्रयोग उत्तर देतो, त्यालाच अग्रक्रम मिळावा.