दलेल

आमच्या रोहिणखेडचं नाव इतिहासात आहे ते लढायांसाठी. 1437 ला बहामनी सरदार खलफ हसननं खानदेशच्या नसीरखानाला इथं हरवलं. 1590 ला बुऱ्हाण निजामशहानं जमालखानाला इथंच पाडलं. सरदारांची नावं राहिली. ज्यांनी त्यांच्या घोड्यांना चारा वाहिला, मेलेली जनावरं ओढली, ते कुठल्याच बखरीत नाहीत. म्हणून मी लढाईचा नाही, शिक्षेचा इतिहास सांगतो.

माझे मोठेबाबा पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आले. अंगणात आम्हा पोट्ट्यांना सांगायचे, "रायफलच्या नळीत धूळ सापडली. उस्तादनं पाठीवर पिट्ठू चढवला अन् मैदानाला फेऱ्या मारायले लावल्या. चूक माही, पळाली सारी सेक्शन." याला जवान रगडा म्हणतात, जुने शिपाई दलेल म्हणत.

मी विचारलं, "मोठेबाबा, राग नाही आला?"

"आला ना. पण रगडा संपला की उस्तादच पाणी पाजे. आपल्याच लोट्यानं."

मित्रांनो, गावगाड्यात वेसकराला मार बसायचा तो चुकीसाठी नव्हे, जन्मासाठी. त्या शिक्षेला मुदत नव्हती. दलेल चुकीची असते, आणि संपते. हा फरक ज्यांना कळला ते गप्प बसले नाहीत. गोपाळबाबा वलंगकर 1886 ला हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेला जाब विचारायला लागले. रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर होते. त्यांच्या घरी बाबासाहेब वाढले.

पण म्हणून पलटणीला देव्हाऱ्यात बसवू नका. 1835 ला बेंटिंकनं हिंदी शिपायाचे फटके बंद केले, 1845 ला ते परत आले. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लागलेली 22 नावं कोरलेली असताना 1892 च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. आमच्यात शिस्त नव्हती म्हणून नव्हे. साहेबानं 'लढाऊ जातीं'ची नवी चाळणी आणली म्हणून. 1894 ला वलंगकरांनी अर्ज लिहिला, 1910 ला शिवराम जानबा कांबळ्यांनी. 1917 ला महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 111 महार पलटण उभारली. गरज सरली, 1921 ला मोडली. बाबासाहेबांनी पाठ सोडली नाही, तेव्हा 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

आजचा कायदाही वाचा. 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टप्रमाणे शिक्षा सुनावायचा अधिकार कमांडिंग ऑफिसरचा, हवालदाराचा नाही. कलम 47 सांगतं, हाताखालच्या माणसाला मारलं, छळलं, तर सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे उस्तादच्या हातालाही वेसण आहे.

हे सगळं आत्ता का काढलं? मागं आमच्या एका सभेला वक्ते दोन तास उशिरा आले. हारतुरे झाले. वाट पाहून झोपी गेलेल्या एका पोराला मात्र कार्यकर्त्यानं थोबाडीत दिली, 'शिस्त' म्हणून. मोठेबाबा मागं बसले होते. काठी टेकत उठले अन् म्हणाले,

"काऊन रे, पोट्ट्याले मारलं. अन् दोन तास उशीर केला त्याची दलेल कोण काढणार?"

कोणी बोललं नाही. मीही नाही. त्या गप्प बसण्याची दलेल म्हणून हे लिहिलं.